विसर्जनानंतर बदलायचा सायलेन्सर

जबाब देणार: सौ. सुनेत्रा अरविंद पांढरीपांडे, वय ६४ वर्षे, पूर्वी शाळेच्या ग्रंथालयात नोकरी, आता निवृत्त. राहणार विंडसर, ऑन्टारियो. मूळ गाव नागपूर. दिनांक २ नोव्हेंबर २०१०.

मी पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, तर माझ्या मर्जीने सांगते की:

१९७१ च्या हिवाळ्यात आम्ही धरमपेठेत राहत होतो. लग्नाला वर्षही झाले नव्हते. आमच्या स्कूटरचा सायलेन्सर फुटला. माझे पती अरविंद यांनी दुकानातून दोन सायलेन्सर मागून आणले. एक लावून ते कोपऱ्यापर्यंत जाऊन आले, मग दुसरा लावून जाऊन आले. मला फाटकाशी डोळे मिटून उभे केले होते. कोणता आवडला, असे त्यांनी विचारले. मी कमी आवाजाचा सांगितला. ते म्हणाले, "मग मी आलो हे तुला कळणार कसं?" आणि दुसरा ठेवून घेतला. ही गोष्ट तपासाशी संबंधित नाही, ती गाळू या, असे कॉन्स्टेबलसाहेबांनी सुचवले. गाळू नये.

मला इंग्रजी चांगले येते. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. परंतु सिस्टरांनी ती भाषा मला 'थँक यू' आणि 'सॉरी' यांच्या आधाराने शिकवली, त्यामुळे तिच्यात मी फार लवकर नमते. आज नमायचे नाही, म्हणून मराठीत सांगत आहे. दुभाषी रचना मेश्राम लिहून घेत आहेत.

आमच्याकडे १९८६ सालचे मोटरहोम आहे. आत दोन बिछाने, बेसिन आणि छोटा ओटा आहे. मुलगा राजस लहान असताना आम्ही त्यातून सगळा ऑन्टारियो पाहिला. तो मोठा होऊन मिल्टनला राहायला गेला, तेव्हापासून गाडीला वर्षातून एकच काम उरले. आमच्या मराठी मंडळाचा गणपती ज्या शाळेच्या हॉलमध्ये बसतो तिथे स्वयंपाकाला परवानगी नाही. म्हणून उकडीचे मोदक पार्किंग लॉटमध्ये, आमच्या गाडीत होतात. अरविंद मोदकपात्रापाशी बसतात आणि मी घाणे हॉलमध्ये पोहोचवते. दिवे आणि छताचा पंखा चालावा म्हणून इंजिन सुरू ठेवावे लागते. मोठ्या शेगडीचा सिलिंडर बाहेर असतो. त्याची नळी आत घेण्यासाठी मंडळाचे अध्यक्ष श्री. विलास सबनीस यांनी काही वर्षांपूर्वी बेसिनखाली, गाडीच्या तळाला भोक पाडले होते. नळीभोवतीच्या फटीत चिंधी कोंबलेली असे. इतकी वर्षे त्याने काही बिघडले नाही, कारण सायलेन्सरचा पाइप लांब होता आणि धूर गाडीच्या अंगाबाहेर, दाराच्या बाजूला पडत असे.

या उन्हाळ्यात तो सायलेन्सर गंजून गळून पडला. अरविंद यांनी पस्तीस वर्षे मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यात आवाज तपासण्याचे काम केले. सायलेन्सर निवडणे हा त्यांच्या आवडीचा विषय. जुन्या गाडीला बाजारातला कोणताही डबा लावून चालत नाही, इंजिनाला श्वास घेता आला पाहिजे आणि पाइप अंगाबाहेर आला पाहिजे, असे ते मला जेवताना सांगत. बऱ्याच ठिकाणी फोन करून त्यांनी मूळ बनावटीचा लांब पाइपचा सायलेन्सर अल्बर्टामध्ये शोधला आणि ऑर्डर केला. तो गणपतीनंतर येणार होता.

ऑगस्टमधल्या एका रविवारी श्री. सबनीस आमच्या ड्राइव्हवेवर आले. त्यांच्याजवळ एक सायलेन्सर होता. तो मालवाहू गाडीचा होता आणि त्यांच्या बेसमेंटमध्ये पडून होता. डबा एवढा रुंद की आडवाच बसेल, आणि पाइप वीतभर. धूर तळाखालीच सुटणार होता. मी चहा घेऊन बाहेर आले. पुढचे सर्व बोलणे माझ्यासमोर झाले.

श्री. सबनीस म्हणाले की मागच्या वर्षी शेजारच्या गोऱ्या बाई आवाजाची तक्रार करून गेल्या. हा लावला तर गाडी मांजरीसारखी बसेल. शिवाय गाडीच्या दाराशी बायका नाकाला पदर लावून उभ्या असतात, नैवेद्यावर धूर येतो, ते बरे दिसत नाही.

अरविंद म्हणाले, "धूर खाली सोडायचा नसतो, विलास. वर माणसं असतात."

"मग यंदा बाप्पाला काय डोनट दाखवायचा?"

यावर सगळे हसले. अरविंदही हसले. एकदा हसल्यावर आपल्या लोकांत नाही म्हणता येत नाही, हे श्री. सबनीस यांना पक्के माहीत आहे. अरविंद म्हणाले, "विसर्जन झालं की हा काढायचा. माझा येतोय तो लावायचा."

"काढू रे बाबा. वहिनी साक्षीला आहेत ना."

म्हणून मी आज साक्ष देत आहे. मला श्री. सबनीस यांनीच नेमले आहे. तो सायलेन्सर त्यांनी स्वतःच्या हाताने, त्याच दुपारी, आमच्या ड्राइव्हवेवर बसवला. अरविंद खाली वाकून पाहू लागले तेव्हा, "तू नको, तुझी पाठ धरेल," असे ते म्हणाले. हेसुद्धा लिहून घ्यावे.

११ सप्टेंबर, शनिवार, गणेश चतुर्थी. सकाळी गार वारा होता. शेगडीची ज्योत फडफडते म्हणून खिडक्या लावल्या होत्या. वाफ आणि हळदीच्या पानांच्या वासात दुसरा कुठलाही वास कळत नव्हता. मी दुसरा घाणा न्यायला आले तेव्हा डोके जड झाले आहे, असे अरविंद म्हणाले. दारात श्री. सबनीस उभे होते. ते म्हणाले, "उपास झेपत नाही आता म्हाताऱ्याला. आरती होऊ दे, पहिला मोदक तुलाच."

आरती सुरू झाली. प्रमुख पाहुणे वाटेत होते. ते पोहोचेपर्यंत श्री. सबनीस माइकवरून एकेक आरती वाढवत गेले. देवीची झाली, शंकराची झाली, दत्ताची झाली. कोणीही आरती सोडून जाऊ नये, असे त्यांनी माइकवरून दोनदा सांगितले. मी दाराजवळ उभी होते. दरवर्षी तिथे आमच्या गाडीची धडधड ऐकू येते आणि हे आत आहेत, हे मला समजते. त्या दिवशी काहीच ऐकू येत नव्हते. मी आरती सोडून बाहेर आले. आयुष्यात पहिल्यांदा.

मोदकपात्रातले पाणी आटले होते. इंजिन चालू होते. अरविंद खालच्या बिछान्यावर कुशीवर पडले होते आणि त्यांचे गाल चांगले लाल दिसत होते. मी त्यांना काखेत धरून बाहेर ओढले. कसे ओढले ते मला सांगता येणार नाही. अग्निशमन दलाच्या माणसाने तळाखाली पाहिले. धूर भोकातून सरळ आत येत होता, असे त्याने सांगितले. त्याचा अहवाल आपल्याकडे आहे.

श्री. सबनीस हॉस्पिटलमध्ये फुले घेऊन आले. "बाप्पानेच वाचवलं, वहिनी," असे म्हणाले. मी फुले पाण्यात ठेवली.

अरविंद आता घरी आहेत. चालतात, जेवतात, माझे नाव घेतात. कोणी काही विचारले तर हो म्हणतात. पूर्वी त्यांच्याकडून साध्या भाजीलाही एका दमात हो मिळत नसे.

श्री. सबनीस यांनी ठाण्यात लेखी दिले आहे की, अरविंद हे सायलेन्सरचे जाणकार, त्यांनी तो स्वतः निवडला, आपण फक्त पाना धरला. ऑक्टोबरमध्ये कॉन्स्टेबलसाहेब आमच्या घरी आले आणि त्यांनी अरविंद यांना विचारले, हे खरे आहे का. अरविंद म्हणाले, "यस, यस. माय चॉइस." साहेबांनी ते उतरवून घेतले. ते वाक्य खोडावे, एवढ्यासाठी मी आले आहे. मला श्री. सबनीस तुरुंगात जायला नको आहेत. ज्या माणसाने कधी दुसऱ्याच्या शब्दावर सायलेन्सर घेतला नाही, त्याच्या नावावर हा सायलेन्सर लागायला नको आहे.

त्याच वेळी, साहेबांच्या समक्ष, मी अरविंद यांना विचारले, "अहो, धरमपेठेत आपण स्कूटरला कोणता सायलेन्सर ठेवला होता?" ते माझ्याकडे पाहून हसले. म्हणाले, "तू म्हणशील तो."

साहेबांना मी याचा अर्थ इंग्रजीत सांगितला. त्यांनी 'स्वभाव शांत' असे काहीतरी लिहिले. आता वरचा धरमपेठेचा मजकूर का गाळायचा नाही, ते त्यांना समजावे.

वस्तूंबाबत माझे सांगणे. ठाण्यात जमा असलेला आखूड सायलेन्सर मला परत नको. तो श्री. विलास सबनीस यांचा आहे, त्यांनाच द्यावा आणि हातात द्यावा, पोस्टाने नव्हे. या जबाबाची एक प्रत त्यांना, एक मंडळाच्या कार्यकारिणीला. कार्यकारिणीने ती वार्षिक सभेत माइकवरून वाचावी आणि ती संपेपर्यंत कोणी उठून जाऊ नये. तळ जळालेले मोदकपात्र मंडळाचे नाही, माझ्या सासूबाईंचे आहे. ते सून ऊर्मी हिच्याकडे द्यावे. तिने ते घासत बसू नये, तसेच ठेवावे. अल्बर्टाहून आलेला लांब सायलेन्सर आमच्या गॅरेजमध्ये खोक्यातच आहे. तो राजसला द्यावा. त्याने भोक बुजवावे, सायलेन्सर बसवावा आणि गाडी कोपऱ्यापर्यंत नेऊन परत आणावी. आम्ही दोघे दारात उभे राहू.

हा जबाब रचना मेश्राम यांनी मला सावकाश, मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसाच उतरला आहे आणि बरोबर आहे. अरविंद माझ्या शेजारी बसून ऐकत होते. वाचून झाल्यावर तेही, "हो, बरोबर आहे," असे म्हणाले. ते धरू नये.

सही: सुनेत्रा अ. पांढरीपांडे