आईने वेचलेले किडे

माव्याबद्दल, म्हणजे पिकाचा रस शोषणाऱ्या त्या बारीक हिरव्या किडीबद्दल, मला आता कोणी काही विचारू नका रे! दिवसभर परळला शेतकरी हेल्पलाइनच्या ऑफिसात हेडफोन लावून मी शेतकऱ्यांना हेच सांगत असतो. सोयाबीन कोवळं असेल तर मावा पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढा, शेंगा भरल्या असतील तर सोडून द्या, पण फुलोऱ्यात रोज पानं उलटून बघा. ढालकिडे, म्हणजे ते ठिपकेवाले लेडीबर्ड, दिसले तर औषध मारू नका, ते मावा खातात.

आमचे साहेब म्हणाले, "आधी एक रोप घरी लाव, मग बोल." लालबागला घरच्या गॅलरीत रंगाच्या रिकाम्या डब्यात सोयाबीन लावलं. फुलं आली, मावा आला, आणि चक्क ढालकिड्यांची पिल्लंही आली. काळी, काटेरी, दिसायला भयंकर. मी खूश! सकाळी साहेबांसाठी फोटो काढायला गेलो, तर एकही नाही.

"आई, झाडावरचे काळे किडे कुठे गेले?"

"वेचून टाकलंय मी. केवढे होते ते!"

"आणि हे हिरवे?"

"ते बारीकशे? ते कोणाक काय करतत?"

डोकं फिरलं. तसाच ऑफिसला गेलो. पहिलाच फोन, "साहेब, फुलोऱ्यात मावा एकदम वाढलाय. ढालकिडे होते, तेही गेले."

मी ओरडलोच, "फवारणी कशाला केलीत?"

"नाही हो. आईने वेचले."

म्हटलं, "दादा, यावर औषध असतं तर आधी मीच घरी नेलं असतं."