दुधाचा ओटा वेगळा

मी, फ्लोरा आयझॅक पेझारकर, वय एकेचाळीस, धंदा दवाखान्यात नर्स, जात बेने इस्रायल, राहणार मशिदीमागे, इस्रायल आळी, पनवेल, आज सन १९५५ च्या मार्चच्या दहा तारखेस आपण होऊन ठाण्यावर आले असून विचारल्यावरून सांगते की, मशीद म्हणजे आम्हा ज्यू लोकांचे प्रार्थनेचे घर. हवालदारांनी आधी ‘मुसलमानांची’ असे लिहिले होते, ते मी खोडायला लावले आहे.

मिल्का ही माझी सख्खी थोरली बहीण होती. तिचा नवरा सॅम्युअल लाकडाच्या वखारीत कारकून होता. तळ्याच्या बाजूला त्यांचे स्वतःचे घर होते. मूलबाळ नव्हते.

मिल्काचे गुडघे धरले होते. खाली बसून चूल फुंकणे तिला जमत नव्हते. मुंबईला एका घरी उभ्याने स्वयंपाक करायचा ओटा पाहून आल्यापासून तिला दुसरे काही सुचत नव्हते. आमच्यात दूध आणि मटण एकत्र येऊ देत नाहीत, भांडीसुद्धा वेगळी ठेवतात. म्हणून तिला ओटे दोन पाहिजे होते. दुधाचा एका भिंतीला, मटणाचा समोरच्या भिंतीला, मध्ये खिडकी आणि खिडकीखाली मोरी. घर पाहावे बांधून म्हणतात. मिल्काने ते कोळशाने जमिनीवर कितीदा तरी बांधून पाहिले होते. मी स्वतः त्या रेघांत उभी राहिले आहे. सॅम्युअल घरी आला की त्या रेघा पायाने पुसत असे. मला त्या माणसाचा राग होता आणि आहे. हे लिहून घ्यावे.

सॅम्युअलला इस्रायलला जायचे होते, मिल्काला नव्हते. ती माझ्यासमोर त्याला म्हणाली, “माझा ओटा झाल्याशिवाय मी इथून हलायची नाही.”

सन बावन्नमध्ये मी अलिबागला नोकरीस असताना सॅम्युअल घर विकून निघून गेला. मिल्काला आधीच्या तुकडीबरोबर पुढे पाठवली आहे, असे तो आळीत सांगून गेला. मिल्काला लिहितावाचता येत नव्हते, त्यामुळे पत्र नाही याचे मला नवल वाटले नाही. कोणी विचारले तर बहीण तिकडे सुखात आहे असे मीही सांगत आले.

घर मिठागरवाले बळीराम काशीराम घरत यांनी घेतले. पहिली दोन वर्षे तेथे भाताची पोती होती. गेल्या दिवाळीनंतर ते राहायला आले आणि स्वयंपाकघर नवीन करून घेतले.

गेल्या आठवड्यात त्यांची पत्नी वेणू खांदा दुखतो म्हणून दवाखान्यात आली. मी कारण विचारले. ती म्हणाली, “त्या जगन गवंड्यानं वटा माज्या गल्याला लावलाय, ताई. फोडणी देतंय का पोथी वाचतंय, तेच कलत नाय. आनी येक सांगितला तं दोन करून ठेवलंय.” राकेलवालाही लबाड, असे ती म्हणाली. शुक्रवारी दिवेलागण झाली की स्टोव्ह पेटत नाही, मग शनिवारी चांदण्या दिसल्यावर पहिल्या काडीला धरतो. मी तिला चोळायला तेल दिले. आमचा शब्बाथ शुक्रवारच्या दिवेलागणीपासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत असतो आणि तेवढ्या वेळात आम्ही विस्तव पेटवीत नाही, हे तिला सांगितले नाही.

रविवारी मी ते स्वयंपाकघर पाहायला गेले. दुधाच्या जागी ओटा, मटणाच्या जागी ओटा, मध्ये नवी खिडकी पाडलेली, खाली मोरी. सर्व कडप्पा घोटून गुळगुळीत केलेला. इतके देखणे स्वयंपाकघर मी पनवेलात पाहिलेले नाही. वेणू पाट ठेवून त्यावर उभी राहून भाकऱ्या थापत होती. मी ओट्याशी उभी राहिले, तो माझ्या कोपराखाली बरोबर बसला. मिल्का आणि मी एकाच उंचीच्या, एकमेकींची पोलकी घालत होतो. एक ओटा मात्र जुन्या चुलीच्या कोपऱ्याअलीकडेच थांबला आहे. तेथील जमीन तशीच सारवलेली ठेवली आहे.

मी जगन गवंड्यास बोलावणे पाठवले. वेणूदेखत तो म्हणाला, “घरधनीन करंज्याला म्हायेरी गेल्ती. मोरीशी येक बाय उबी व्हती, उंच. मी इचारला वटा किती वर घेऊ, तं तिनं कोपर वाकवून दावला. बोलली, दुधाचा येगला कर, मटनाचा येगला. मना वाटला घरान कोन माळकरी असंल.”

वेणू म्हणाली, “आमच्यान कोन माळकरी हाय? सुकटीबिगार घास नाय उतरत.”

त्या बाईने कोपर कसे दाखवले ते मी जगनला करून दाखवायला सांगितले. त्याने हात वाकवला आणि करंगळी आकड्यासारखी बाहेर ठेवली. मिल्काची करंगळी लहानपणी दारात चेंगरली होती, ती सरळ होत नव्हती. हे मी त्याला सांगितले नव्हते.

कोपरा का सोडला, असे विचारता तो म्हणाला, “ती बोलली, चुलीच्या जाग्याला हात लावू नको, तिथं मी हाय. मना वाटला, बसून भाकऱ्या करीत असंल.”

मी नर्स आहे. भुताखेतांच्या गोष्टींना मी दवाखान्यात हसते. त्या दिवशी मला हसू आले नाही.

दुसऱ्याच दिवशी मी मुंबईस माझा चुलतभाऊ आरोन याच्याकडे गेले. तिकडचे न मानवल्याने तो याच महिन्यात इस्रायलहून परत आला आहे. तिकडे तो सॅम्युअलच्या शेजारी राहत होता. मी काही विचारण्याआधी तोच म्हणाला, “मिल्का कशी आहे गं? सॅम्युअल सांगत होता, ती आली नाही, तिला तुझ्याकडे ठेवलीय.”

माझ्याकडे मिल्का कधीही राहिलेली नाही.

तरी त्या घरातील जुन्या चुलीची जागा पंचांसमक्ष खोदून पाहावी, अशी माझी विनंती आहे. बळीराम घरत यांची हरकत नाही. वेणू कालपासून अंगणात तीन दगड मांडून रांधते आहे. माझे मागणे एवढेच की नवे ओटे फोडू नयेत आणि खोदकाम शनिवारी करू नये. मिल्काला चालायचे नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. वाचताना हवालदारांनी थांबून विचारले की, बाई, अजून कोपरा खोदलेला नाही, काही सापडलेले नाही, मग तुम्ही बहिणीबद्दल पहिल्या ओळीपासून ‘होती, होती’ असे का सांगितले? ‘आहे’ करू का? तसे सांगितल्याचे माझ्या ध्यानात नव्हते. मी त्यांना म्हटले, ‘होती’च राहू द्या. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर लिहिले आहे.

सही: फ्लोरा आयझॅक पेझारकर