समईतलं तेल

(सन १९४३. पाटणहून कराडला जाणारा रस्ता, दुपारचे सव्वातीन. बंद पडलेली जुनी मोटार. थोड्या अंतरावर लिंबाच्या झाडाखाली रंगूबाई गाठोडं घेऊन बसली आहे. तिचा नवरा नाथाजी आणि मोटारवाला चांदसाहेब इंजिनापाशी.)

चांदसाहेब : काका, माझ्याकडं बघून बोला. तेल घातलंत का न्हाई?

नाथाजी : घातलं म्हनलं की मगाशी.

चांदसाहेब : कुठलं घातलंत?

नाथाजी : तेल.

चांदसाहेब : तेल तर भजी तळायलाबी असतंय! मी गावातल्या हिरीवर इंजिनासाठी पानी आनायला गेलो, तवा काय सांगितलं तुमाला? शिटाखाली निळा डबा हाय, त्यातलं दोन शेर ओता. परत आलो, काठी बुडवून बघितली, भरल्याली दिसली. म्हनलं काकांनी काम चोख केलं. आता हीच काठी हुंगा.

नाथाजी : हळू बोल रं. ती बसलीया तितं.

चांदसाहेब : करडीच्या तेलाचा वास मारतोय, काका.

रंगूबाई : चांदा! वाजलं किती?

चांदसाहेब : सवातीन, काकी!

रंगूबाई : गाडी चारला येती बरं का! आपल्या आकारामाच्या पलटणीतला लालासाहेब सुट्टीवर आला तवा त्यानं सोता सांगितलंय. पलटणीची गाडी, कराड ठेसनात इंजिन पानी घेतंय, तवर वीस मिनटं उभी. आकारामानं निरोप धाडलाय, आई-आबास्नी फलाटावर उभं ऱ्हायला सांग. फुडं ममईला जाऊन बोटीत घालत्यात म्हनं!

चांदसाहेब : ठावं हाय, काकी! बघतोय!

रंगूबाई : बघ बाबा. किती लांब हाय अजून?

चांदसाहेब : सा मैल!

नाथाजी : सा मैल म्हंजी पायी जाईस्तवर...

चांदसाहेब : दिवस बुडंल. काका, आता तरी सांगा. निळा डबा गच्च भरलाय तसाच हाय. त्यातलं का घातलं न्हाई?

नाथाजी : त्याच्यावर गाईचं तोंड काढलंया.

चांदसाहेब : मग?

नाथाजी : झाकान काढून बघितलं. काळंकुट्ट, घट्ट, वास कसनुसा. म्हनलं गाईची चरबीच आसंल ही. शिटावर बुवांनी आकारामासाठी दिल्याला अंगारा, देवाफुडचा नारळ, आन् त्याच गाडीच्या पोटात मी गाईची चरबी ओतू? माझा हात हुईना, चांदा.

चांदसाहेब : या अल्ला! अवो छाप हाय तो, छाप! वाघछाप काडेपेटीत वाघ बसतोय व्हय? सांगलीला चार खेपा घातल्या तवा तो एक डबा गावला. लढाईच्या दिवसांत इंजिनाचं तेल म्हंजी सोनं. आन् तुमी त्याला चरबी ठरवून मोकळं झालात!

नाथाजी : मला काय कळतंय त्यातलं? जलमभर बैलगाडीच्या कण्याला वंगण घातलं. कवा एरंडाचं, कवा करडीचं. चाकानं कवा कुरकूर केली न्हाई.

चांदसाहेब : ते चाक बैल वढतोय. हितं आत भट्टी पेटती. मोटेच्या कातड्याला रोगण कशाचं करता तुमी?

नाथाजी : करडीचं तेल कढवायचं. कढवून कढवून डिंकावानी चिकट झालं की...

चांदसाहेब : झालं की काय?

नाथाजी : ...अरं माझ्या देवा.

चांदसाहेब : पर नुसत्या तेलानं इतक्यात ही गत व्हायची न्हाई. आत काय तरी तुंबलंय. तेल आनलंत कुठनं?

नाथाजी : देवळातनं.

चांदसाहेब : देवळातनं?

नाथाजी : विठोबाफुडच्या समईतलं. आदी बुधलीतलं ओतलं. ते पुरंना, मग समई पालथी केली. तळाचा गाळ आला थोडा, पर म्हनलं देवाचंच हाय. ठिपूस ठिवला न्हाई बघ. परवाच्या कीर्तनात बुवा काय म्हनले? तूबी ऐकलंस की, दाराबाहीर उभा ऱ्हाऊन. तुमचा भार त्याच्या खांद्यावर घाला, वाट त्यो काढतोय. म्या भार घातला.

चांदसाहेब : भार खांद्यावर घालायचा हुता, काका. तुमी इंजिनात घातला.

नाथाजी : बोल, बोल. तुझा हक्क हाय. पर तिला सांगू नगंस. हातपाय जोडतो तुझं.

चांदसाहेब : हातपाय नगा जोडू. ती पोपटी चिंधी द्या हिकडं. खालनं तेल सोडतो, तेल गाळायची जाळी साफ हुती का बघू. निळ्या डब्यातलं घालू, वरच्या मालकाची मर्जी आसंल तर आजूनबी...

रंगूबाई : धुरळा! आवं, त्यो धुरळा बघा! मोटार येतीया!

चांदसाहेब : मिल्ट्रीची लारी हाय! काका, रस्त्यात आडवं उभं ऱ्हावा! ओ साब! साब, रुको! एक मिन्ट!

नाथाजी : थांब रं बाबा! माझं पोरगंबी तुमच्यातलंच हाय!

रंगूबाई : आकाराम! नाव सांगा त्यांस्नी! आकाराम नाथाजी म्हनावं!

चांदसाहेब : साब!

नाथाजी : ...गेली.

रंगूबाई : बघितलं त्यानं माझ्याकडं. तरीबी थांबला न्हाई.

चांदसाहेब : त्यांस्नी वाटंत थांबायचा हुकूम नसतो, काकी.

रंगूबाई : आमच्या आकारामालाबी नसंल. वीस मिनटं म्हंजी वीसच. चांदा, किती वाजलं?

चांदसाहेब : साडेतीन.

रंगूबाई : मी चालत हुते फुडं.

नाथाजी : सा मैल हाय, येडी का काय? घरातनं देवळात जाईस्तवर तुझा गुडघा धरतोय.

रंगूबाई : मग हितं बसून काय करू? ह्ये काय रं चांदा? खाली काय पडलं ते?

चांदसाहेब : जाळीतला कचरा, काकी. तुमी सावलीत बसा जावा. हात काळं हुतील.

रंगूबाई : दाव.

चांदसाहेब : काकी, कशाला...

रंगूबाई : दाव म्हनते न्हवं.

नाथाजी : चिंधी आसंल कसली तरी.

रंगूबाई : तुमी गप ऱ्हावा. चिंधी न्हवं ही. वात हाय. पाच पदरी, टोकाला गाठ मारल्याली. सगळ्या गावात टोकाला गाठ मारून वात वळती ती येकटी मीच. आवं, ही इंजिनात कशी गेली?

नाथाजी : मार मला. वहाण काढ आन् मार.

रंगूबाई : इचारलंय ते सांगा.

नाथाजी : डब्यावर गाय हुती. मला वाटलं चरबी हाय. शुद्ध तेल घालावं म्हनलं, देवाफुडचं. पोराची वाट निर्मळ व्हावी म्हनून केलं गं, दुसरं कशाला?

रंगूबाई : ती समई नुसती देवाची न्हवती.

नाथाजी : ठावं हाय मला.

रंगूबाई : तुमास्नी ठावं हाय, ह्या चांदाला कुठं ठावं हाय? चांदा, आकाराम पलटणीत गेला त्या राती मी सप्त्याच्या कीर्तनात हुते. आख्यान इतकं रंगलं, डोळ्याचं पानी खळंना, उठवंनाच मला. घरी येऊन बघते तर खुंटीवरचा सदरा न्हाई. पोरगं आईचं तोंड न बघता गेलं, आन् मी तितं दुसऱ्याच्या लेकरासाठी रडत बसल्याली. दुसऱ्या दिवशी सांजंला विठोबाफुडं समई लावली. दोन वर्सं झाली, इझू दिली न्हाई. म्हनलं ती तेवती हाय तवर त्यो हाय.

चांदसाहेब : काकी, मी लावतो गाडी. हा घ्या, डबा उघडला. थोडं थांबा. काका, हँडल मारा. मारा जोरात!

नाथाजी : फिरंना रं. दगड झालाय दगड.

चांदसाहेब : दोघं मिळून. या अली!

नाथाजी : विठ्ठल विठ्ठल!

चांदसाहेब : ...ऱ्हाऊ द्या, काका. हात मोडंल. आत बेरिंग जळून धरून बसलंय. आता ते सांगलीच्या मिस्त्रीशिवाय हलत न्हाई.

नाथाजी : जय जय रामकृष्ण हरी. रंगू, बुवा म्हनत्यात न्हवं, जे हुतं ते त्याच्या...

रंगूबाई : आज निरूपण नगा.

नाथाजी : बरं.

रंगूबाई : बुवांचं खोटं न्हाई. माणूस लाखाचा हाय. पर मोटारीचं त्यांनी कुठं सांगितलं हुतं?

चांदसाहेब : काकी, चूक माझीबी हाय. दुसऱ्याला सांगून मी पान्याला गेलो. तेल आपल्या हातानं घालावं, उस्ताद सांगून सांगून मेला माझा.

रंगूबाई : तू काय करशील, लेकरा? हिरीवर तुला बादली मीच वढून देत हुते की. मीच म्हनलं, चल लौकर, उशीर हुतोय. किती वाजलं?

चांदसाहेब : चार.

नाथाजी : चार?

चांदसाहेब : चारला दोन कमी.

रंगूबाई : आली आसंल.

नाथाजी : रेल्वे हाय ती. यायची मागंफुडं.

रंगूबाई : आली आसंल. आत बसला आसंल का दारात उभा?

नाथाजी : दारात. आत कवा बसलाय त्यो? बैलगाडीतबी धुरंवर बसायचा, पाय सोडून.

रंगूबाई : फलाटावर बघत आसंल. ह्या टोकाला, त्या टोकाला. माझं हिरवं लुगडं हुडकत आसंल. आन् मी आज निळं नेसून आले. चांदा, लाडू घे. शेंगदाण्याचं हाईत. सकाळपासनं तुझ्या पोटात काय न्हाई.

चांदसाहेब : नगं, काकी.

रंगूबाई : घे रं. वीस केल्यात. त्याच्याबरोबरच्या पोरांस्नीबी हुतील म्हनून. तुमीबी घ्या. घ्या की, रडता कशाला? बाप्या मानसानं रस्त्यात रडू नये.

नाथाजी : माझ्यामुळं...

रंगूबाई : खावा. वीस मिनटं हाईत न्हवं, तवर खावा. मग जाऊ माघारी. कोन बैलगाडीवाला आला तर बसू, न्हाईतर चालू.

चांदसाहेब : साडेचारला कोळे गावच्या बैलगाड्या मागं फिरत्यात. मी बसवून देतो.

रंगूबाई : आवं, येक इचारू?

नाथाजी : इचार.

रंगूबाई : समईत थोडं ठिवलं हुतं न्हवं? दुसरी वात बुडंल येवढं तरी? तेवत हुती न्हवं निघताना?

नाथाजी : ...

रंगूबाई : आवं?

चांदसाहेब : तेवत हुती, काकी. मी बघितली.

रंगूबाई : तू कवा बघितलीस?

चांदसाहेब : देवळाच्या दारातनं. पान्याची बादली आनताना. दारातनं समोरच दिसती.

रंगूबाई : बादली माझ्या हातात हुती, चांदा. तू माझ्या मागनं चालत हुतास.

चांदसाहेब : व्हय. मागनंच बघितली.

नाथाजी : रंगू...

रंगूबाई : असू द्या. दारातनं दिसती खरी. चांदा, दुसरा लाडू घे.