विलायतेतली रिकामी जागा

आष्टीच्या तहसील कचेरीबाहेर सुंदरराव वारसाचा कागद घेऊन बसला होता. शेजारी शिवलिंगअप्पा दुकानदार तुळजाबाईला नगरहून आलेला अखबार वाचून दाखवत होता, आणि सुंदररावाचा कान नको नको म्हणता तिकडंच जात होता.

“विलायतेत पार्लमेंटातला एक मेंबर मेला म्हणं. आता मतं टाकून त्याच्या जागी दुसरा निवडनार.”

“कावून? त्याला पोरगा न्हाई?”

“हाय की! त्यो बी मतं मागत फिरतोय.”

“बापाच्याच जागेसाठी दारोदार?”

“पार लोहाराच्या बी दारात. टोपी काढून.”

“आन् लोक न्हाई म्हणले तर?”

“बसंल घरी.”

“अगं माय! बायकांना बी इचारतेत?”

“इचारतेत की. त्यांना बी मत हाय.”

तुळजाबाई सुंदररावाकडं वळली.

“दादा, तुमच्या गावचा पाटील कसा हाय?”

“वारला. महिना झाला.”

“अरारा! पोरगा कसा हाय?”

“बरा हाय.”

“कुनाच्या दारात जातो का कदी?”

सुंदररावानं कागदाची आणखी एक घडी घातली.

तेवढ्यात चपराशी ओरडला, “पाटीलकीचा वारस कोन? आत चला!”

सुंदरराव उठला. तुळजाबाईनं त्याला पायापासून पागोट्यापर्यंत पाहिलं.

“जा बाबा, बिनघोर जा. हितं कुटं मतं हायेत?”