चौथा पाय

हाडांच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी एक खुर्च्यांचे कारखानदार बायकोसोबत बसले होते. त्यांचा हात गळ्यात बांधलेला होता. माझ्या लहानपणी खुर्चीला चार पाय असत आणि किती असावेत यावर कोणी बैठका घेत नसे.

"तरी मी म्हणत होते, चौथा पाय काढू नका."

"अगं, त्यालाच नावीन्य म्हणतात. लाकूड किती वाचलं ते बघ."

"आणि हाड मोडलं ते? माणूस कलंडेल, असं कारखान्यात एकालाही वाटलं नाही?"

"धाकट्याला वाटलं. त्याला पॅकिंगला बसवला."

"सख्ख्या भावाला?"

"नकारघंटा वाजवणारे नकोत आपल्याकडे."

"आणि बाकीचे?"

"बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या."

"उद्या शाळेची माणसं खुर्च्या पसंत करायला येणार. पोरं कधी सरळ बसतात का? त्या माणसांना चार पायांच्याच दाखवा."

"आता माघार घेतली, तर कारखान्यात माझं कोण ऐकेल?"

तेवढ्यात त्यांना आत बोलावलं.

"हे बघ, हे डॉक्टर त्याच शाळेच्या कमिटीवर आहेत. मी जिन्यावरून पडलो म्हणून सांग."

"जिन्यावरून?"

"हो. जिने आपण बनवत नाही."