भाऊ, गल्ली बी टाका

कोनालेच विचारलं नाई? स्टँडपासून सरळ इथंच आले? — नाई, गावात नवीन मानूस आला का दोन ठिकानी तरी विचारते ना, राजपालचं घर कोनतं म्हनून. हापसीवर बाया असतात, त्याईले तरी विचारलं असंन. त्याईले बी नाई? मंग दार कसं ओळखलं? निळ्या दाराचे चार घरं हायेत या गल्लीत. — कायच्यात पाह्यलं म्हनता? — बसच्या गेममध्ये. — हं. आत या भाऊ. ओट्यावर नका उभे राहू, आत या, चपला बी आत घ्या. कडी लावून घेते मी, तुमी काही वेगळं समजू नका, मी दिवसा बी कडी लावूनच राह्यते.

बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हालते, पलंगावर बसा. पानी घ्या. — काय नाव म्हनलं? प्रसेनजित. रिसोडकडचे. आन राजपालले भेटाले आले, त्याचे मॉड चालवता म्हनून. चांगली गोठ हाये, त्याले लय आनंद होईन, एवढ्या दुरून कोनी येते का — पन तो नाई घरी. सहा वाजतात त्याले, मोबाइलच्या दुकानात कामाले हाये, स्टँडच्या पल्याड. घरमालकीन चंदाबाई, ते बी लग्नाले गेली शेलूबाजारले, उद्या येईन. मी एकटीच — मी हे कायले सांगून राह्यली तुमाले? पाहा, असं होते माझं. महिनाभर कोनासंग बोलत नाई, आन एखादा दिसला का तोंड बंदच होत नाई. भेव असलं का मानूस जास्त बोलते, नाई?

तुमी तो रस्ता किती खेपा चालवला, गेममध्ये? — चाळीस. बाप्पा. मी दोन वर्सं झाले राहून राह्यली इथं, मी नसंन गेली चाळीस खेपा. वाशिमहून बस, मंग स्टँड, मंदिराकडं न वळता डावीकडची गल्ली, हापसी, निंबाचं झाड, निळं दार — डोळे झाकून आले तुमी. तुमचं काही नाई भाऊ, तुमी भला मानूस दिसता. पन तुमी येऊ शकता तर दुसरा बी येऊ शकते. तेच सांगून राह्यली राजपालले परवापासून, आन तो म्हनते, हजारो लोकाईनं उतरवून घेतलं, त्यातल्या कोनाले काय माहीत खरं घर हाये म्हनून. पाह्यलं ना? तुमालेच माहीत झालं.

फोन वाजून राह्यला तुमचा. — नाई, घ्या ना. — बरं, राहू द्या.

मले मॉड काय असते ते समजावून सांगू नका, मले राजपालच्या आंधीपासून माहीत हाये. गेम उतरवला का त्यात बस भेटते ते परदेशातली, काचंसारखी गुळगुळीत. आपली लाल एस.टी. पाह्यजे असंन तर कोन्या पोरानं घरी बसून बनवलेली फाइल शोधा, त्याच्या व्हिडिओखालून लिंक घ्या, पासवर्ड व्हिडिओत कुठं लपवला ते पाहा, उतरवा, टाका. फुकटात. माझा भाऊ येडा होता त्याच्यासाठी — शिवम. माझ्याहून सहा वर्सानं लहान. त्याच्याजवळ फोन नव्हता, माझ्या फोनवर खेळे. फाइल मोठी राहे, आमच्या गावात — इंझोरीच्या अलीकडं हाये आमचं गाव — रेंज नाई, तर मी त्याले घेऊन शाळेच्या गच्चीवर जावो, तिथं दोन कांड्या येत. मी कडंले बसून राहो, तो माझ्या खांद्यावर डोकं ठेवून पाहे, किती टक्के झालं ताई, किती टक्के झालं. एक दिवस म्हने, ताई, आपल्या गावाची बस पाह्यजे, आपल्या गावाची पाटी असलेली. तर मी कमेंट लिहिली, भाऊ, आमच्या गावाची पाटी लावून द्या. तीन दिवसात दिली. ते पोरगं म्हनजे राजपाल.

हं, हासा. तिथून सुरू झालं. आधी पाटी, मंग हॉर्न, मंग कंडक्टरची घंटी — शिवमच्या फर्माइशी सरल्या आन माझ्या सुरू झाल्या. राजपाल आमच्या समाजाचा नाई. हे तुमाले सांगाची गरज नाई, त्याच्या नावावरूनच समजलं असंन. बाबाले कळलं तवा त्याईनं आठ दिवस कोंडून ठेवलं मले, नवव्या दिवशी मी निंगाली. लगन नोंदवलं, पोलिसात जबाब दिला, त्याईनं सही घेतली, जा म्हने, काही झालं तर फोन करजा. आन इकडं बाबानं — पुंजाजी नाव हाये त्याईचं, गावात मान हाये — बाबानं माझी तेरवी केली. डोकं भादरलं, गाव जेवू घातलं. माझ्या फोटोले हार घालून. शिवमनं बी भादरलं. आन भादरल्या डोक्यानंच तो चार पोरं घेऊन राजपालच्या तांड्यावर गेला, आमी नाई भेटलो, तर सासूबाईचा हात मोडला. जमनाबाईचा. साठीची बाई. दारात उभी राहून म्हनलं त्यानं, ताई भेटन त्या दिवशी तिले कापीनच. तेव्हा बी ताईच म्हनलं, पाहा.

परत वाजला. घ्या हो. मित्र हाये? संगं आला तुमच्या? मंग स्टँडवर कायले बसवला त्याले उन्हात, येऊ द्या ना. घर सापडलं म्हनून कळवलं ना त्याले? — हो, मंग येईन. मी चहा मांडते, दोन कप पानी जास्त टाकते. — नाई नाई, बसून नाई राहू शकत मी, डॉक्टर म्हनते चाला. सातवा हाये. दिसते ना आता, शाल घेतली तरी दिसते.

तर राजपालनं तेव्हा आयडीच काढून टाकली. चार वर्साचं काम, सगळं. मले म्हनला, तुझ्यापुढं काय हाये ते. सहा महिने हात नाई लावला त्यानं, पन घरात असा राहे जसा आजारी मानूस. मलेच पाह्यवेना. मीच म्हनली — हे मी त्याले बी नाई आठवून देत आता — मीच म्हनली, नवीन नावानं कर सुरू, कोनाले कळते. आन मंग त्यानं हा रस्ता बनवला, वाशिम ते इथपर्यंत. फिरून फिरून फोटो काढले, भिंतीचे, पाट्याईचे. लोकाईले असं पाह्यलेलंच आवडते म्हने. पन एक चूक केली. तुमी पाह्यलं असंन, डायव्हरच्या सीटवर हिरवा टॉवेल, पिवळ्या काठाचा. — हो, तोच. तो त्याच्या बापाचा टॉवेल हाये, पयल्या बसपासून त्यानं टाकला, हरेक बसमध्ये. नाव बदललं, टॉवेल नाई बदलला. मी पाह्यलं आन काही बोलली नाई, मले वाटलं टॉवेल तर कोन्याही डायव्हरच्या सीटवर असते.

कमेंटा परवा वाचल्या मी. एक आयडी हाये, रोडकिंग नावाची. चार महिन्यापासून तोच तो. पयलं, भाऊ, शिरपूरचं — म्हनजे या आपल्याच गावाचं — स्टँड बरोबर नाई दिसून राह्यलं, नीट टाका. राजपालनं टाकलं. मंग, भाऊ, तुमी चहा पेता ते हॉटेल टाका. टाकलं. मंग, भाऊ, गल्ली बी टाका, बस दारापर्यंत लावून पाह्यतो. आन राजपाल खुश, एवढ्या बारकाईनं कोन विचारते म्हने, खरा खेळनारा हाये. नवीन अपडेटमध्ये गल्ली दिली. दार दिलं. त्याच्याखाली त्या आयडीनं लिहिलं, भाऊ, टॉवेल अजून जुनाच का? — समजलं ना भाऊ? नवीन आयडीवाल्याचा जुना टॉवेल याले कसा माहीत?

त्याच सांजी लिंक काढली आमी. काय उपयोग. ज्याईनं उतरवलं त्याईनं आपल्या नावानं ग्रुपावर टाकली, एकाले काढाले लावली तर तीन ठिकानी उगवली. तुमाले कुठं भेटली? — ग्रुपावर. कोनी दिली? — हाच मित्र, जो आला तुमच्यासंगं? अच्छा. जुना मित्र हाये? — आठ दिवसाचा. ग्रुपावरच ओळख झाली. अच्छा.

त्यानंच म्हनलं, चाल भेटून येऊ म्हनून? गाडी बी त्याचीच. राजपाल हे नाव बी त्यानंच सांगतलं तुमाले, नवीन आयडीवर तर ते नाई. — आन मंग तो का नाई आला दारापर्यंत? — तू पुढं हो, घर तेच हाये का पाह्य, घरी कोन कोन हाये ते विचार, मंग सांग मले. असं म्हनलं त्यानं.

तुमी सांगतलं. बाई एकटीच हाये म्हनून? — कधी? — मी चहा मांडाले गेली तेव्हा.

नाई, तुमचा दोष नाई. उगी रडल्यासारखं नका करू, मले पाहा इकडं. त्याच्या डाव्या हाताचा आंगठा कसा हाये? नख काळं, मधातून चिरलेलं? थ्रेशरमध्ये आलं होतं ते, मीच हळद बांधली होती. — मान हालवू नका नुसती, हो का नाई बोला.

गॅस बंद करा भाऊ. हळू. आन तो टेबल सरकवा दाराशी, आवाज न करता. मागून नाई जाता येत, मागचं दार नाई या घराले. त्याले बी माहीत हाये, चाळीस खेपा त्यानं बी चालवला असंन. राजपालले फोन लावा, तुमच्या फोनवरून, नंबर मी सांगते. — उचलत नाई? परत लावा. मंग पोलिसाले.

थांबा. हापसीपाशी गाडी बंद झाली.

चपला वाजून राह्यल्या. एकटाच हाये.

ऐकलं? ताई म्हनलं. गच्चीवर म्हने तसंच म्हनलं. — नाई, कडीले हात नका लावू. मले बी उघडावंसं वाटून राह्यलं, म्हनूनच सांगते, मले पकडून ठेवा. आन बोलू नका.