खेळपट्टीखालची ओल

(गयाना, बर्बीसचा किनारा. ऊस-इस्टेटीचं जुनं क्रिकेटचं मैदान. केल्विन पोकलेनवर बसलेला. बिसनाथ खेळपट्टीवर मांडी घालून.)

बिसनाथ : इंजिन बंद कर आधी. ऐकू येत नाही मला.

केल्विन : केलं. आता ऊठ, भाई. अकराला मुकादम येईल. तोवर या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत चर काढायचाय.

बिसनाथ : मधोमध?

केल्विन : मधोमध. नव्या मालकाला भात लावायचाय.

बिसनाथ : आणि हे काम तूच घेतलंस. सबंध बर्बीसमध्ये दुसरा माणूस नव्हता.

केल्विन : कारखाना बंद होऊन तीन वर्षं झाली. तीन वर्षांत हे पहिलं काम मिळालंय मला. मी नाही खणलं तर उद्या दुसरा कोणी खणेल.

बिसनाथ : ही माती कुणी आणली, ठाऊक आहे?

केल्विन : हिंदुस्थानातून मजुरीला आणलेल्या तुझ्या आजानं. दर नाताळात ऐकतोय.

बिसनाथ : मग आज नाताळ समज. दिवसभर ऊस तोडायचा आणि अंधार पडेपर्यंत डोक्यावरून चिकणमाती वाहायची. दोन वर्षं. गोऱ्या मॅनेजरला मैदान हवं होतं ना. तयार झालं तेव्हा आजाला आत यायला बंदी. चेंडू पलीकडच्या उसात गेला की तेवढा शोधून आणून द्यायचा.

केल्विन : आणि ही जमीन बुडू नये म्हणून भोवतीचे कालवे खणले माझ्या खापरपणज्यानं, गळ्यात मालकाची साखळी घेऊन. त्याचं तर नावसुद्धा कुणाला ठाऊक नाही. म्हणून मी काय कालव्यात जाऊन बसू?

बिसनाथ : तसं नाही म्हणत मी.

केल्विन : इथे शेवटचा सामना झाला त्याला चार वर्षं झाली. आपल्याकडून नऊ जण जमले होते. त्यातले सात आता न्यूयॉर्कला. तू अजून गवत कापतोस, रूळ फिरवतोस. कुणासाठी?

बिसनाथ : देवनारायणसाठी.

केल्विन : चौतीस वर्षं आपण दोघं त्याच्याबद्दल बोललो नाही. आजही नको.

बिसनाथ : आजच बोलायला हवं. उद्या पट्टी नसेल.

केल्विन : भाई, तुझा धाकटा भाऊ माझ्या चेंडूनं गेला. काय बोलायचं त्यावर? ईस्टरचा सोमवार होता. कारखाना विरुद्ध शेत. तो पुढे सरसावला आणि चेंडू कानशिलावर बसला. मी धावत गेलो तर तुमच्या माणसांनी मला त्याला हात लावू दिला नाही.

बिसनाथ : चेंडू तू मुद्दाम आखूड टाकलास, डोक्यावर उसळावा म्हणून, असं म्हणत होते सगळे.

केल्विन : नव्हता. पोलिसांना सांगितलं, पाद्र्याला सांगितलं. तुझ्या आईच्या पायाशी बसून सांगितलं. ती म्हणाली, काळ्यानं मुद्दाम डोकं फोडलं माझ्या पोराचं. मग सगळी वस्ती तेच म्हणायला लागली. मी बिऱ्हाड उचलून कालव्यापलीकडे गेलो. जॉर्जटाउनहून निवड चाचणीचं पत्र आलं होतं, ते फाडलं. पुन्हा चेंडू हातात धरला नाही.

बिसनाथ : चेंडू आखूड नव्हता, केल्विन.

केल्विन : आज कबूल करतोस? उपकार झाले.

बिसनाथ : आज नाही. तेव्हाच ठाऊक होतं मला.

केल्विन : म्हणजे?

बिसनाथ : आदल्या रात्री पाऊस झाला. ताडपत्री टाकायचं काम माझं. मी रमच्या दुकानात पडलो होतो. सकाळी येऊन बघतो तर इथे, मी बसलोय ना, इथेच, परातीएवढी जागा लोण्यासारखी मऊ. मॅनेजरला कळलं असतं तर नोकरी गेली असती. मी वर कोरडी माती भुरभुरवली, कापलेलं गवत पसरलं आणि रूळ फिरवला. वरून झकास दिसत होती. दोन्ही कप्तानांना म्हणालो, पट्टी टणक आहे. तुझा चेंडू नेमका तिथे पडला आणि उसळला.

केल्विन : तू सीमारेषेवर उभा होतास त्या दिवशी.

बिसनाथ : हो.

केल्विन : तू पाहिलंस.

बिसनाथ : हो. देवनारायण खाली पडला तेव्हा सगळे त्याच्याकडे धावले. मी आधी इथे आलो. चेंडूनं खळगा पाडला होता, तो टाचेनं बुजवला. मग भावाकडे गेलो.

केल्विन : आणि तुझ्या आईला?

बिसनाथ : काही नाही सांगितलं.

केल्विन : बारा वर्षं ती मला रस्त्यात पाहून थुंकायची.

बिसनाथ : मी तिच्या शेजारून चालत असायचो. मला ठाऊक नाही का? रोज वाटायचं, उद्या सांगू. मग ती गेली. मग वाटलं, आता सांगून काय. म्हणून ही पट्टी जपत राहिलो. एक भेग पडू दिली नाही.

केल्विन : मी रोज रात्री तो चेंडू टाकतो, भाई. हात कसा फिरला, बोटं कुठे होती. माझंच काहीतरी चुकलं असेल, इतके जण खोटं कसं बोलतील, असं वाटायला लागलं होतं मला. पोलिसांना सांगितलेलंसुद्धा खोटं वाटायचं.

बिसनाथ : मी सांगतो आता. सगळ्यांना सांगतो. आज संध्याकाळीच, देवळापुढे उभा राहून.

केल्विन : कुणाला सांगशील?

बिसनाथ : वस्तीला.

केल्विन : वस्तीत कोण आहे? त्या सामन्यातला एक माणूस दाखव. अंपायर मेला. दोन्ही कप्तान मेले. उरले ते टोरोंटोत नातवंडं सांभाळतात. या बायकापोरांना देवनारायण कोण होता तेही ठाऊक नाही. मी कधी गोलंदाज होतो, तेही नाही.

बिसनाथ : मग मी करू काय?

केल्विन : मला काय विचारतोस.

बिसनाथ : शिव्या दे. उतरून खाली ये, मार मला.

केल्विन : माझे गुडघे गेलेत. ऊठ, तिकडे सावलीत जा, मला चर काढायचाय. हळूच, यंत्राला धरून ऊठ.